मेन स्विचपाशी बसणारे भाऊ

आमच्या घरमालकांनी जन्मात भुताचे पिक्चर शेकड्यांनी पाहिले, पण शेवटपर्यंत पाहिला तो एकच. त्या एकाबद्दल पुढे सांगते.

घाबरून अर्ध्यात उठायचे असं समजू नका. भूत दाराआड येऊन उभं राहिलं की भाऊ त्यालाच दटावायचे, "थांब गा जराशीक, चहा येऊन राह्यला." भुतावर त्यांचा राग कधीच नव्हता. राग होता पिक्चर लिहिणाऱ्यावर, आणि तो इतका खरा होता की सख्ख्या भावानं शेताचा बांध कोरला तरी माणूस एवढा चिडत नसेल.

वडशाला त्यांच्या घरी वरची खोली घेऊन मी राहायचे. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडे गावोगावी नाटकं सुरू होतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं सगळी वडशात. त्यातल्या एका कंपनीत मी नटी. नटी म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. बसू नका, मी काय कामं करायचे ते ऐकलंत की पुन्हा सैल व्हाल. घरमालकांना सगळं गाव भाऊ म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला बाई, म्हणून मीही तेच म्हणायचे. घराला लागून त्यांचा एक लांबट हॉल होता. पूर्वी भाऊ तिथं व्हिडिओ दाखवायचे. व्हिडिओचे दिवस संपले आणि तो हॉल आमच्या कंपनीनं तालमीसाठी भाड्यानं घेतला.

दुपारची जेवणं झाली की भाऊ पुढच्या खोलीचे पडदे ओढायचे, लुंगी खोचून टीव्हीसमोर बसायचे आणि मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेला पेनड्राइव्ह लावायचे. अमेरिकेतले भुताचे पिक्चर, पण हिंदीत बोलणारे. सुरुवातीला पाच-सात पोरं-पोरी गाडीत बसून कुठल्यातरी आडरानातल्या बंगल्यावर जायची. सगळी गोरी, आणि त्यांच्यात एक काळा. तो पडद्यावर दिसला रे दिसला की भाऊ खुर्चीत पुढे सरकायचे.

"आला! आपलावाला आला!"

आपलावाला म्हणजे अमेरिकेतला काळा माणूस. कुठल्याही पिक्चरमधला, कोणत्याही नावाचा. रंगानं भाऊ तव्याच्या बुडासारखे, आणि मी त्यांच्याहून एक हात पुढे, त्यामुळे 'आपला' म्हणायला आम्हा दोघांनाही काही अडचण नव्हती. मग भाऊ त्याच्याशी बोलायला लागायचे. "अबे बाबू, नोको जाऊ. थो आवाज मांजरीचा नाई होय. बस ना चूपचाप. थ्या लंब्या पोट्ट्याले पाठव, थो काऊन बसला सोफ्यावर?" पण आपलावाला कधीच ऐकायचा नाही. हातात टॉर्च घेऊन, तोंडानं काहीतरी विनोद करत तो तळघरात उतरायचा, आणि संपलं.

तो मेला की भाऊ उठायचे. रिमोट हातात असायचा, पण रिमोटनं त्यांचं समाधान होत नसे. भिंतीवरच्या मीटरपाशी जाऊन ते मेन स्विचच खाली ओढायचे. पंखा बंद, फ्रिज बंद, वर माझ्या खोलीतला कूलर बंद. स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज यायचा, "मेला का जी?"

"मेला."

"मंग लावा आता लाइट, माझं मिक्सर अटकलं."

भाऊ थोडा वेळ तसेच अंधारात उभे राहायचे. मग स्विच वर करायचे. टीव्ही मात्र त्या दिवशी पुन्हा लागायचा नाही. नवीन आले तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा डोक्यानं जरा हललेला आहे. हळूहळू मीही खाली येऊन बसायला लागले, आणि मलाही त्या काळ्या माणसाशिवाय दुसरं कोणी दिसेना.

"दार वाजलं की उघडाले कोन जाते, तेवढं पाय," भाऊ मला सांगायचे. "बाकीचा पिक्चर नाई पायला तरी चालते. एक त आपलावाला पहिले मरते. नाई त हासवते आनि मंग मरते. म्हातारा असन त मंत्र-तंत्र सांगते आनि मरते. लयच भला दाखवला, त त्या गोऱ्या पोट्ट्याच्या आंगावरचं सोतावर घेऊन मरते. घरी जात नाई व कोनी." आपल्याकडच्या पिक्चरांवर तर ते आणखी भडकायचे. "जंगल आमचं, भूत आमचं, आनि आमी काय कराचं? पानं बांधून ढोल वाजवाचा. शयरातला मानूस भूत पाहाले येते आनि मरते कोन? चौकीदार. त्या चौकीदाराले बायको-लेकरं हायत का नाई, कोनाले पडली हाय?"

हे खूळ डोक्यात कसं शिरलं म्हणून मी एकदा विचारलं. भाऊंनी हॉलच्या दिवसांतली गोष्ट सांगितली. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपला होता, आणि धानोऱ्याकडची माणसं बाजाराला म्हणून वडशाला आली होती. हॉल गच्च. भाऊंनी इंग्रजी भुताचा पिक्चर लावला. तेव्हा हिंदीत बोलणारे मिळत नव्हते, सगळं इंग्रजीत, कोणाला एक शब्द कळेना. तेवढ्यात पडद्यावर एक काळा शिपाई आला आणि पुढच्या सतरंजीवरचा एक म्हातारा म्हणाला, "हा आपलावाला दिसते." झालं. तिथून पुढे सगळा हॉल त्या शिपायाच्या मागे मागे चालायला लागला. तो हसला की हसायचे, तो थांबला की श्वास रोखायचे. अर्ध्यात शिपाई मेला. म्हातारा उठला, धोतर झटकलं, "चाला, आपला गेला," म्हणाला, आणि पुढच्या सगळ्या रांगा त्याच्यामागून शांतपणे बाहेर पडल्या. ना शिट्टी, ना आरडाओरडा.

"मागं राह्यलो मी आनि व्हीसीआर," भाऊ म्हणाले. "मले हे कोनत्या पुस्तकातून नाई समजलं. लोकाइनं दाखवलं."

आता गंमत अशी की आमच्या गल्लीला हे सगळे पिक्चर तोंडपाठ होते, तेही शेवटासकट. संध्याकाळी बायका ओट्यावर लाखोरीची भाजी निवडत बसल्या की भाऊ त्यांना दुपारचा पिक्चर सांगायचे. आपलावाला मरतो तिथपर्यंत खरा, आणि पुढचा त्यांच्या मनचा. त्यांच्या गोष्टीत दार वाजलं की आपलावाला म्हणायचा, मले झोप येऊन राह्यली, आणि मागच्या दारानं निघून जायचा. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चालत रोडवर यायचा. तिथं त्याला एस.टी. भेटायची.

"अमेरिकेत एस.टी. कुठी असते जी भाऊ?" कोणीतरी विचारायचंच.

"लाल नसन, पिवळी असन. भेटली न त्याले, तुले काय करा लागते?"

मग आपलावाला घरी पोचायचा, माय दार उघडायची, आणि बायका समाधानानं भाजीची टोपली घेऊन उठायच्या. बंगल्यात राहिलेल्या गोऱ्या पोरांचं पुढे काय झालं हे मात्र भाऊंना कोणी विचारायचं नाही.

त्यापायी माझी एकदा चांगलीच फजिती झाली. आमच्या कंपन्या मुंबईहून एखादी सिरियलमधली नटी पाहुणी म्हणून आणतात. तशी एक मॅडम आमच्या गाडीत होती. गाडी एटापल्लीकडे निघालेली, आणि मॅडमनी एका भुताच्या पिक्चरचा विषय काढला. मी झटक्यात म्हटलं, "हो, पाहिलाय. तो चौकीदार शेवटी बसनं घरी जातो तो ना?" मॅडम एवढी हसली की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. तिनं मोबाइलवर लावून दाखवलं, चौकीदार बिचारा पायऱ्यांवर मरून पडलेला. सगळी गाडी मला हसायला लागली. मी काय मागे हटते? मी म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडं कापलेली कॉपी आली असन. आमच्या वडशात पूर्ण आली हाय."

आता माझ्या कामांबद्दल. रंग पाहूनच मला कामं मिळायची. कंपनीचा मेकअपवाला नायिकेला तासभर रंगवायचा आणि माझ्यापाशी आला की डबा बंद करायचा. "तुझ्यावर पावडर कायले वाया घालू? अर्ध्या घंट्यात त मरतेस." खरंच मरायचे. पाटलाच्या घरची मोलकरीण, सावकारानं पळवलेली रानातली पोरगी, साप चावलेली गुराखीण. पहिल्या अंकात किंकाळी मारायची, मरायचं, आणि मग गाडीत जाऊन नायिकेच्या साड्यांना इस्त्री करत बसायचं. पहिल्या अंकात जो मरेल त्यानं इस्त्री करायची असा आमच्या कंपनीचा नियमच होता.

इस्त्रीचं दुःख नव्हतं हो. दुःख होतं ते वेगळंच. आमच्याकडे गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात. लेकी येतात, जावई येतात, सोयरिकी जमतात. सगळ्यांना जेवू घालायचं, भांडी घासायची, आणि मगच घरच्या बायका सतरंज्या-चादरी घेऊन मैदानावर जातात. तोपर्यंत पहिला अंक उरकलेला असतो. माझं माहेर धानोरा तालुक्यातलं लहानसं गाव. तिथं आमच्या कंपनीची नाटकं झाली, दर खेपेला आई भांडी घासून धावतपळत आली, आणि दर खेपेला मी आधीच मेलेली. माझ्या आईनं मला स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. सगळं गाव सांगायचं, तुझी पोरगी काय जबरदस्त ओरडली व, आणि आई नुसती ऐकायची. शेवटी तिनं मला बजावलं, हा सीझन कर आणि घरी ये, जे काम मायलेच दिसत नाई ते कायले कराचं? ती रागानं बोलली नव्हती, म्हणूनच मला ते फार लागलं. मी नाटक सोडलं असतं तर मी मेलेच असते, हे अगदी सरळ सांगते. पण आईशी भांडू तरी कशाच्या जोरावर?

हे सगळं मी बाईंजवळ बोलले होते. बाईंच्या पोटात काही राहत नसे.

त्याच सुमाराला तो पिक्चर आला. भाऊंनी लावला, मी आणि बाई वाटाणे सोलत बसलो होतो. त्यात आपलावाली होती, एक काळी बाई, दवाखान्यात रात्रपाळी करणारी. भाऊंनी नेहमीसारखं सुरू केलं, "नोको जाऊ माय, नोको जाऊ," आणि ती खरोखरच गेली नाही. दार वाजत राहिलं, ती जागची हलली नाही. पुढे एकेक करून सगळे संकटात सापडले आणि ती वाचत गेली. भाऊ केव्हाच उठून मीटरपाशी उभे होते, हात स्विचवर. आता मरेल, मग मरेल. शेवटी ती गाडीत बसली, किल्ली खाली पडली, तिनं उचलली, आणि गाडी सुरू करून निघून गेली. पडद्यावर नावं यायला लागली.

"बंद करा आता," बाई म्हणाल्या. "सैपाकाचा टाइम झाला."

"थांब. नावं जाऊ दे," भाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. एक अक्षर कळत नसताना त्यांनी सगळी नावं जाऊ दिली. त्या संध्याकाळी ओट्यावर बायका वाट पाहत बसल्या, पण भाऊ बाहेर आले नाहीत. मला म्हणाले, "पूर्ण सांगतला न त्याइनं. आता मी काय जोडू?" मग जरा वेळानं, स्वतःशीच, "म्हंजे लिवलं त जगते."

आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्यामागे साडेसाती लागली.

आमच्या नव्या नाटकाची तालीम सुरू होती. नाव सांगत नाही, कंपनीचे मालक अजून आहेत आणि माझी कामं त्यांच्याकडेच असतात. नाटक भुताचं होतं. शहरातला मोठा साहेब बायको-मुलांना घेऊन जंगलातल्या बंगल्यावर येतो. तिथली मोलकरीण मी. मी त्यांना सांगते, सांजेच्या आत निघा. ते हसतात. दार वाजतं. साहेब म्हणतो, "जा गं, बघ कोण आहे." मी कंदील घेऊन जाते, किंकाळी, पहिल्या अंकाचा पडदा.

तालमीला भाऊ आले आणि हॉलच्या दाराजवळ, मेन स्विचच्या खाली स्टूल टाकून बसले. मी कंदील घेतला, गेले, किंकाळी मारली, पडले. आणि हॉलमधले लाइट गेले, पंखे थांबले.

"लाइट गेली का जी भाऊ?" मालकांनी अंधारातून विचारलं.

"नाई. म्या बंद केली."

"काऊन?"

"आपलावाली मेली. खतम."

सगळे हसले. भाऊंनी स्विच काही वर केला नाही. त्या दिवशीची तालीम तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मालकांनी हात जोडले, आवाज चढवला, दुसरा हॉल पाहतो म्हणाले. भाऊ म्हणाले, "पाहा न." सीझनच्या तोंडावर वडशात हॉल काय कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात? सगळे हॉल दुसऱ्या कंपन्यांनी धरलेले. पहिला प्रयोग जवळ आलेला आणि आमचं नाटक पहिल्या अंकाच्या पुढे सरकेना. उन्हाळ्यासारखं उकडत होतं, पंख्याविना सगळी माणसं घामानं निथळत होती आणि बघत होती माझ्याकडे, जणू मीच म्हाताऱ्याला शिकवून ठेवलं होतं. मालकांनी मला बाजूला घेतलं. तुझ्या घरमालकाला समजाव, नाहीतर तुझ्या जागी दुसरी पोरगी आणतो.

मी तरातरा घरी गेले. "भाऊ, तुमच्या पायी माझं काम जाते जी!"

"कोनतं काम? मराचं?"

"मराचं त मराचं! तेवढंच हाय माझ्यापाशी!"

भाऊ हळूच म्हणाले, "तुझ्या मायनं तुले पायलं का स्टेजवर?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई कणकेच्या परातीत बघत राहिल्या. मला असं रडू कोसळलं की काही विचारू नका. राग भाऊंचा, बाईंचा, मालकांचा, आईचा, सगळ्यांचा मिळून एकदम बाहेर आला. भाऊंनी रडू दिलं. पाणी आणून दिलं आणि समोर बसून म्हणाले, "पोरी, त्या दवाखान्यातल्या बाईले कोनीतरी लिवलं म्हनून थे जगली. बाकीचे मेले, त्याइचे लिवनारे राह्यले अमेरिकेत. मी इथून कोनाले सांगू? टीव्हीले सांगतो, टीव्ही आयकते का? पन तुझा लिवनारा त वडशात हाय. माझ्या घरी येऊन चहा पेते. त्याले बी नाई सांगतलं, त मंग माझं एवढे वर्सं पिक्चर पाहनं वायाच गेलं."

मी तोंड धुतलं आणि तालमीला गेले. भाऊ माझ्या आधीच स्टुलावर जाऊन बसले होते.

आमचे लेखक म्हणजे गालात तंबाखूचा खर्रा आणि खिशात पेन, एका वेळी दोन कंपन्यांची नाटकं लिहिणारा गरीब माणूस. स्वभावानं गरीब म्हणते मी, अक्कल भरपूर. त्यांनी युक्ती काढली. "ठीक आहे, पहिल्या अंकात नाही मारत. दुसऱ्यात मारतो." दुसऱ्या अंकात लाइट गेले. मग माझं मरण तिसऱ्या अंकात ढकललं. तिसऱ्यात लाइट गेले. शेवटी लेखकांनी कागद खुर्चीवर आपटले आणि भाऊंसमोर जाऊन उभे राहिले. "बरं, तुम्हीच सांगा. साहेब तिला म्हणतो, जा, बघ कोण आहे. आता ती नोकर बाई. जाणार नाही तर काय करेल?"

"मले काय पुसता?" भाऊ म्हणाले. "तिले पुसा. जंगल तिच्या घरचं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी त्या दोघांनाही इतकी वैतागले होते, घामानं पदर पाठीला चिकटलेला, हातात तो मेला कंदील. मी कंदील साहेबाचं काम करणाऱ्या नटाच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुमीच जा ना साहेब."

मग तबलजीनं तबल्यावर अशी थाप मारली की सगळा हॉल हसून फुटला. मालकसुद्धा पोट धरून हसत होते. लेखकांचा खर्रा गालातच थांबला, आणि ते उभ्या उभ्याच लिहायला लागले. नंतर सगळीकडे ते सांगत फिरले की हे वाक्य त्यांना वडशाच्या स्टेशनवर सुचलं. सांगोत बापडे. त्यांनी लिहिलं मात्र जीव ओतून. साहेब कंदील घेऊन जातो आणि बेशुद्ध पडतो, आणि पुढे सगळ्या बंगल्यात वाट माहीत असलेली एकटी मीच उरते. बाईसाहेबांना आणि मुलांना मी पायवाटेनं बाहेर काढते, उजाडेपर्यंत. त्या दिवशी तालीम शेवटपर्यंत झाली. भाऊ स्टुलावरून उठले, लाइट चालू आहेत ना ते एकदा वर पाहिलं आणि घरी गेले.

भाऊ आता नाहीत. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं, तरी दुपारी टीव्ही लागायचाच, आणि बाई शेजारी बसून काय चाललंय ते सांगायच्या. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा असाच एक पिक्चर चालू होता. पडद्यावर आपलावाला नुकताच मरून पडला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊंनी विचारलं, "काय करून राह्यला व आपलावाला?" बाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "हाय न. मागच्या दारानं निंगाला." भाऊ मान डोलावत राहिले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "खोटी बोलते माई बुढी. पन चांगली सांगते." बाई लाजल्या. त्या दोघांइतकं प्रेम करणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत, हे मला लिहून ठेवायचंच होतं.

तर पुन्हा त्या सीझनकडे येते. नाटक असं चाललं की विचारू नका. 'तुमीच जा ना साहेब' ला वन्स मोअर पडायचा, साहेबाला पुन्हा पुन्हा 'जा गं' म्हणावं लागायचं. भाऊंना मी दर प्रयोगाचं सांगायचे. ते स्वतः कधी आले नाहीत. तालमीत पुरं पायलं, म्हणायचे. मग आमच्या गावची तारीख आली. आईला मी काही कळवलं नव्हतं. वाटलं, ती येईल भांडी घासून नेहमीसारखी, तिसऱ्या अंकात का होईना, मी तिला दिसेन. तेवढ्यानंही माझं पोट भरलं असतं.

स्टेजवरून खाली बसलेली माणसं दिसत नाहीत, लाइट डोळ्यांवर असतात. त्यामुळे ती कुठे बसलीय, आलीय की नाही, मला काही कळलं नाही. बाईसाहेबांना आणि मुलांना घेऊन मी पायवाटेनं निघाले, शेवटचं वाक्य बोलले आणि पडदा पडला तेव्हा बाहेर फटफटीत उजाडलं होतं. मैदानातली माणसं चादरी झटकत होती. कनातीच्या फटीतून एक बाई वाट काढत आत घुसली, डोक्यावरून घोंगडी, डोळे लाल. माझी आई. आल्या आल्या तिनं माझ्या दंडावर एक रट्टा दिला.

"भांडे तसेच टाकून आली मी! पाव्हन्याइचं वाढनं तुया वहिनीवर टाकलं. म्हनलं, पोरगी पहिल्याच अंकात मरते, यंदा शेवटचं साल हाय, मरतानी त पाहू. सुरवातीपासून बसली पुढं. आता मरन, मंग मरन म्हनून रातभर पदर तोंडात कोंबून बसली व मी. आनि तू मेलीच नाई!"

मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. आईनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नीट पाहून घेतलं, रंगासकट. सीझन संपला की घरी ये, हे ती बोललीच नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच नाही. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं तिनं विचारलं, "लिवनाऱ्यानं मारलं काऊन नाई तुले?"

"घरमालकानं मारू नाई देल्लं."

आईनं हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. त्यात तिला काही विचित्र वाटलं नाही.

"मंग त्याइले जेवाले काऊन नाई आनलं व?" ती म्हणाली, आणि मला तोंडसुद्धा धुऊ न देता तिनं माझ्या भावाला मोटारसायकल काढायला लावली, वडशाहून भाऊ आणि बाईंना घेऊन यायला.